शस्त्रक्रियेनंतरचे साठ दिवस

'ऑपरेशन चांगले झाले' असे डॉक्टरांनी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी येऊन सांगितले, की बाकावर ताटकळलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. कोणी गावी फोन करतो, कोणी बोललेला नवस आठवतो. मोतीबिंदू किंवा मूतखडा यांच्या बाबतीत हे वाक्य बव्हंशी पूर्ण सत्य असते. आतड्याच्या बाबतीत मात्र ते अर्धेच होय. आतड्याचा खराब तुकडा काढून उरलेली दोन टोके शल्यविशारदाने कितीही कसबाने जोडली, तरी ती जुळून येणे, थांबलेली हालचाल पुन्हा सुरू होणे, अन्नातले पाणी पूर्ववत शोषले जाणे ही कामे त्या आतड्यालाच करावयाची असतात. त्यांतले थोडे रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेसमोर घडते आणि पुष्कळसे रुग्णाच्या घरी. या दुसऱ्या भागाची माहिती रुग्णाला कोणी देत नाही आणि त्याचा खर्च कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

खानदेशात आतड्याच्या शस्त्रक्रिया ज्या कारणांनी होतात त्यांतील बरीचशी अचानक उद्भवणारी असतात. विषमज्वरात लहान आतड्याला पडलेले छिद्र, अडकून बसलेला हर्निया, आतड्याला पडलेला पीळ, फुटलेले अपेंडिक्स, क्षयाने अरुंद झालेल्या आतड्यात अडलेले अन्न, ही सारी दुखणी रात्री-अपरात्री माणसाला रुग्णालयात नेणारी. मोठ्या आतड्याचा कर्करोग तेवढा सवड देतो. भुसावळात रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रेल्वेचे रुग्णालय आहे. इतरांना खाजगी रुग्णालय, २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय. कर्करोगाचे निदान झाले की बहुतेकांची पावले सुमारे साडेचारशे किलोमीटरवरील परळच्या टाटा रुग्णालयाकडे वळतात. योजना, कर्ज, दागिने, भावकी यांच्या बळावर शस्त्रक्रियेपर्यंतचा प्रवास कसाबसा निभावतो. त्यानंतर काय होणार याचा विचार त्या धावपळीत कोणाला सुचत नाही, आणि तो सुचावा अशी अपेक्षाही करता येत नाही.

'वारा सरला का?'

शस्त्रक्रियेनंतरच्या सकाळी डॉक्टर खाटेजवळ येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच. सुशिक्षित माणूस या प्रश्नाने ओशाळतो. वस्तुतः त्या घडीला त्याच्याविषयी विचारण्यासारखे याहून महत्त्वाचे फारसे काही नसते. पोट उघडून आतड्याला हात लागला की ते काही काळ निपचित पडते. लहान आतडे साधारणतः दिवसभरात हलू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही अधिक घेते. तोवर पोट फुगते, मळमळते, खाण्याची इच्छा राहत नाही. यात काही बिघडले आहे असे समजण्याचे कारण नाही. वारा सरणे ही आतड्याने कामावर रुजू झाल्याची पहिली वर्दी होय. पहिला शौच त्यानंतर एक-दोन दिवसांनी होतो, आणि तो पातळ असला तरी चिंता करू नये.

पूर्वी या काळात रुग्णाला काटेकोर उपाशी ठेवीत. नाकातून जठरात नळी, हाताला सलाईन आणि खाटेवर सक्तीची विश्रांती अशी आठ-दहा दिवसांची शिस्त होती. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात या शिस्तीतील एकेक नियम तपासून पाहिला, तेव्हा त्यांतील कित्येकांना सवयीखेरीज आधार नसल्याचे दिसून आले. लवकर पाणी आणि थोडे अन्न द्यावे, नळ्या लवकर काढाव्यात, वेदना नीट शमवाव्यात आणि माणसाला दुसऱ्याच दिवशी चालवावे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. नियोजित शस्त्रक्रियांत या पद्धतीने रुग्णालयातील मुक्काम निम्म्याहून कमी होऊ शकतो, असे पुढे अनेक देशांत दिसून आले. महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांतही आता हाच प्रघात रूढ होत आहे. अर्थात छिद्र पडून पोटात पू झालेल्या रुग्णाला हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही. त्याची गाडी चार-सहा दिवस उशिराने धावणारच.

या नव्या पद्धतीची खरी अडचण नातेवाइकांची होते. ताज्या टाक्यांच्या माणसाला दुसऱ्या दिवशी उभे करणारी परिचारिका त्यांना निर्दय वाटते. तथापि पडून राहिल्याने पायातील शिरांत रक्त गोठते, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्युमोनिया होतो आणि आतडेही सुस्त राहते. पोटावर उशी घट्ट धरून खोकावे, तीन चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे यंत्र तासातासाने ओढावे, खाटेपासून दारापर्यंत आणि दारापासून व्हरांड्यापर्यंत चालावे. वेदना दात-ओठ खाऊन सोसण्यात मर्दुमकी आहे ही समजूतही घातक ठरते. जो दुखण्याची गोळी नाकारतो तो खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि चार दिवसांनी ताप घेऊन बसतो.

सुश्रुतसंहितेत फाटलेले आतडे सांधताना कडेला काळ्या मुंग्या डसवून त्यांची धडे तोडावीत आणि डोकी टाक्यासारखी तेथेच राहू द्यावीत, असा विधी सांगितला आहे. त्याचा अभिमान आपल्याकडे आवर्जून मिरविला जातो. त्या अभिमानाचा थोडा अंश जरी शुश्रूषेच्या वाट्याला आला असता, तर रुग्णाला घरी जाताना चार ओळींची मराठी सूचनापत्रिका तरी हाती पडली असती. आज बहुधा त्याच्या हाती पडते ते इंग्रजी कार्ड आणि औषधांच्या दुकानाची चिठ्ठी.

घरची वाट

सर्वांत मोठा धोका जोड सुटण्याचा असतो. सांधलेल्या ठिकाणी गळती लागली तर ती बहुधा पहिल्या दहा दिवसांत, विशेषतः पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास लक्षात येते. नेमका याच सुमारास रुग्णाला घरी सोडलेले असते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पुन्हा फुगणारे पोट, उलट्या, धाप, नाडीचा वाढलेला वेग यांपैकी काहीही दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. परगावी राहणाऱ्या रुग्णाने पहिला आठवडा-दीड आठवडा रुग्णालयाच्या जवळपास काढावा, हे सांगणे सोपे असले तरी त्यासाठी शहरात एखादा नातलग असावा लागतो. मुंबईस गेलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळतो. जळगाव-धुळ्यास आलेल्या गरीब रुग्णाच्या कुटुंबाला अशा धर्मशाळेची उणीव फार जाणवते.

यानंतरचा सारा कारभार स्वयंपाकघराच्या हाती जातो, आणि तेथे दोन टोकाच्या चुका होतात. काही घरांत रुग्ण महिनाभर चहा-बिस्किट, साबुदाण्याची पेज आणि भाताच्या निवळीवर ठेवला जातो. पथ्याचा हा अतिरेक होय. जखम भरते ती प्रथिनांवर. मऊ मुगाची खिचडी, दही-भात, घोटलेले वरण, उकडलेले अंडे, चालत असेल तर मासे हे त्याला थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा मिळाले पाहिजे. दुसऱ्या घरांत 'आता चार घास कसाचे खा' म्हणून आठव्या दिवशी ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी येते. जोडाजवळची सूज उतरेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, चोथा असलेले अन्न बेताने घ्यावे. कळण्याची भाकरी, मक्याचे कणीस, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, साली आणि बिया हे पदार्थ या काळात थांबवावेत. बामणोदच्या वांग्यांचे भरीत हा खानदेशी माणसाचा जीव की प्राण. पण त्यातल्या बिया आणि वर ओतलेले तेल-मिरची यांचा विचार करता त्यालाही महिना-दीड महिना रजा द्यावी हे बरे. पिकलेले केळे मात्र या काळातील उत्तम फळ. ते पचायला मऊ असून पातळ शौचाला आवरते. ते रावेर-यावलच्या बागांतून दारातच येते. दूध कोणाला सोसते, कोणाला सोसत नाही, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. सहा आठवड्यांनंतर एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून पाहिला, तर बहुतेकांचे ताट हळूहळू पूर्ववत होते.

शौचाच्या सवयी बदलतात, याची कल्पना नसल्याने मात्र माणसे फार हबकतात. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला असेल तर काही आठवडे पातळ शौच होतात. गुदाशयाचा भाग काढला असेल तर दिवसातून सहा-आठ वेळा, थोडे थोडे आणि दम न धरता येणारे शौच होतात. हे प्रमाण महिन्यामहिन्याने उतरते. काहींना वर्ष, तर क्वचित दोन वर्षे लागतात आणि काहींची सवय कायमची बदलते. शाळेत सलग तास घेणाऱ्या शिक्षकाला, खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाला, एसटीने रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला ही गोष्ट रोगापेक्षा अवघड वाटते. पुष्कळजण मग दिवसभर उपाशी राहून नोकरी करतात आणि अशक्त होतात. कार्यालयातील स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे असणे ही क्षुल्लक तक्रार राहत नाही, ती या माणसांना कळते. थकवाही असाच अनपेक्षित. जखम पंधरवड्यात सुकली तरी दुपारी अंग गळून जाणे दोन-तीन महिने चालते. त्याला आळस म्हणून हिणवू नये.

पोटावरची पिशवी

काही रुग्णांत जोड लगेच करणे धोक्याचे असते, काहींत करताच येत नाही. तेव्हा आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी चिकटवितात. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. दुरे नावाच्या फ्रेंच वैद्याने १७९३ साली शौचाचा मार्गच नसलेल्या नवजात बालकावर ही शस्त्रक्रिया केली आणि ते बालक मोठे होऊन पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य जगले. आपल्याकडे मात्र आजही कित्येक घरांत 'पिशवी' हा शब्द कुजबुजत उच्चारला जातो.

स्टोमा लालसर, ओलसर, गालाच्या आतल्या कातडीसारखा दिसतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो, म्हणून पिशवीचे भोक दर खेपेला मापून कापावे लागते. भोक मोठे राहिले तर भोवतीची कातडी सोलपटते. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करावी. स्टोमा काळा पडणे, आत ओढला जाणे किंवा त्यातून काहीच न येता पोट दुखणे यांसाठी तत्काळ डॉक्टर गाठावा. तात्पुरता स्टोमा बहुधा दोन-तीन महिन्यांनी, कर्करोगाची औषधे चालू असतील तर त्याहून उशिरा, बंद करता येतो.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर भुसावळच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. त्यातून दिवसाला लिटरभर किंवा त्याहून अधिक खारे पाणी जाते. पारा ४५ अंशांच्या वर चढलेल्या मे महिन्यात असा माणूस नुसते साधे पाणी पीत राहिला तर अंगातले मीठ उतरून तो गळून पडतो. जलसंजीवनी, मीठ घातलेली पेज, ताक यांवर त्याने भर दिला पाहिजे. लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर वेळ दवडू नये. घामाने पिशवीचा चिकटपणाही लवकर सुटतो. एक पिशवी तीन दिवस टिकली तर महिन्याला दहा लागतात. दीड दिवसात सुटली तर वीस. हा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलात कोठेही दिसत नाही. परिणामी गरिबाच्या घरी दुधाच्या पिशव्या कापून, फडकी बांधून दिवस ढकलले जातात आणि कातडी भाजल्यासारखी होते. टाटा रुग्णालयात या देखभालीसाठी खास प्रशिक्षित परिचारिका आहेत. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ सालापासून या रुग्णांसाठी काम करीत आली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असा एक परिचारिकेचा टेबल नियमित मांडला जाणे मुळीच अशक्य नाही.

रेल्वेच्या या गावात राहूनही अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ऑस्टोमीच्या रुग्णांना रेल्वेच्या मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान वर्गाचे पूर्ण भाडे माफ असून सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या तेव्हाही रुग्णांच्या सवलती कायम राहिल्या. भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्या कारकुनाला या कागदाचे मोल सांगावयास नको.

रजा कोणाला, मजुरी कोणाला

आता प्रश्न पैशाचा. उदाहरणादाखल एकाच दिवशी, एकाच स्वरूपाची शस्त्रक्रिया झालेले दोन पुरुष कल्पावेत. एक रेल्वेचा फिटर, दुसरा रावेर तालुक्यातील केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर. दोघांनाही डॉक्टर सांगतात की सहा ते आठ आठवडे वजन उचलू नका. कारण पोटाच्या भिंतीचे थर शिवलेले असतात. त्यांना बळ येण्यापूर्वी ताण पडला तर टाक्यांच्या रेषेत हर्निया उतरतो. फिटरच्या नावावर अर्धपगारी रजा साठलेली असते. शासकीय सेवेत ती वर्षाला २० दिवस जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. कारखान्यातील कामगार राज्य कामगार विमा योजनेत असेल तर त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. केळीच्या मजुराला यांपैकी काहीच नाही. चांगला घड वीस-पंचवीस किलोचा भरतो, आणि तो खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणे हेच त्याचे काम. साठ दिवस बसून राहायचे तर साठ दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तो विसाव्या-पंचविसाव्या दिवशी बागेत जातो. वर्षभरात पोटावर फुगा दिसू लागला, की त्याला निष्काळजी ठरविले जाते.

त्याची शस्त्रक्रिया शासनाच्या खर्चाने झालेली असण्याची शक्यता पुष्कळ आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. या योजनेने असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारापासून वाचविले, हे निःसंशय. परंतु तिची रचना पाहा. शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णालयातील भोजन, परतीचे भाडे आणि घरी गेल्यावर सर्वसाधारणपणे १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा एवढे तिच्यात येते. काही निवडक उपचारांना पुढील तपासण्यांची वेगळी तरतूद आहे. दहाव्या दिवशी योजनेची जबाबदारी संपते, तर आतड्याची आणि पोटाच्या भिंतीची दुरुस्ती साठाव्या दिवशीही चालू असते. मधल्या पन्नास दिवसांची मजुरी वाचविण्यासाठी मजूर जे करतो त्यातून दुसरी शस्त्रक्रिया उद्भवते, आणि तिचा खर्च पुन्हा त्याच तिजोरीवर किंवा त्याच्या घरावर पडतो. पहिल्या शस्त्रक्रियेवर भरपूर खर्च करून तिच्या टिकाऊपणावर मात्र काही खर्च न करणे, याला काटकसर म्हणणे कठीण आहे.

रुग्णाच्या हाती थेट पैसे देण्याची कल्पना शासनाला अपरिचित आहे असेही नाही. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. आतड्याच्या क्षयासाठी शस्त्रक्रिया झालेल्याला, किमान सहा महिने औषधे घ्यावयाची असल्याने, ही रक्कम मिळू शकते. शेजारच्या खाटेवरील विषमज्वराच्या छिद्राच्या रुग्णाला मात्र नाही. दोघांची जखम सारखी, दोघांची भूक सारखी. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अंगमेहनतीच्या माणसाला सहा आठवड्यांचा निर्वाहभत्ता आणि स्टोमाच्या रुग्णाला पहिल्या तीन महिन्यांच्या पिशव्या एवढी भर योजनेत पडली, तर शस्त्रक्रियेच्या मूळ खर्चाच्या मानाने ती फार मोठी ठरू नये.

अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्याचा भाग १३ जुलै १९८५ रोजी काढला गेला आणि आठवड्याने ते व्हाइट हाउसमध्ये परतले. वर्तमानपत्रांतून त्यांच्या चिवटपणाचे कौतुक झाले, ते योग्यच. फक्त परतल्यावर त्यांना काही उचलावयाचे नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

फिटर आणि मजूर यांच्या या हिशेबात तिसरी व्यक्ती राहून जाते. घर चालविणाऱ्या बाईला रजाही नाही आणि बुडण्याजोगी मजुरीही नाही. म्हणून तिच्या विश्रांतीची किंमत कोणत्याच कोष्टकात येत नाही. पुरुष रुग्णाची शुश्रूषा बायको करते. बायको रुग्ण असली तर शुश्रूषेला माहेरची बहीण आठ-पंधरा दिवस येते आणि परत जाते. मग नळाचा दिवस उगवतो. भुसावळकरांनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे. पाणी आले की घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचेच पंधरा किलो, शिवाय हंड्याचे वजन वेगळे. डिस्चार्ज कार्डावर 'जड वजन टाळावे' असे छापलेले असते, आणि हंडा म्हणजे जड वजन असे त्या घरात कोणालाच वाटत नाही. त्या ओळीत 'पाण्याचा हंडा, भरलेली बादली, कडेवरचे मूल' हे शब्द मराठीत लिहिले जावेत आणि कार्ड देताना ते तिच्या नवऱ्याला व सासूला वाचून दाखविले जावेत. यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते उद्या सकाळच्या फेरीपासून कोणत्याही वॉर्डात सुरू करता येईल.